वाचकांचे प्रश्न : सुरणाचे फूल, टायटन आणि त्यांचा वास

गेल्या अंकात आम्ही उष्ण प्रदेशातल्या मोठ्या, उग्र वासाच्या फुलझाडांविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे सुरण आणि त्याच्या गोतावळ्याविषयी आली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

परसात पाच वर्षे सुरण आहे. दरवर्षी छान पान येते, पण फूल एकदाही आले नाही. दिवाळीनंतर गड्डा काढून अर्धा खायला घेतो आणि उरलेला पुन्हा लावतो. फुलासाठी काय करावे? (रत्नागिरी)

कारण तुमच्या पत्रातच आहे. दरवर्षी गड्डा कापला जातो, त्यामुळे तो फुलण्याच्या वजनापर्यंत पोहोचतच नाही. सुरण किती वर्षांचा झाला याला फुलाच्या दृष्टीने काही महत्त्व नाही. गड्ड्यात साठा किती आहे आणि मधला डोळा शाबूत आहे का, एवढेच पाहायचे.

खोडासारखा दिसणारा तो ठिपक्यांचा दांडा म्हणजे खोड नव्हे. तो एकाच पानाचा देठ आहे आणि वरची सगळी छत्री त्या एका पानाची. पावसाळाभर हे पान जे कमावते ते खाली साठते. त्यातही जुना गड्डा फुगत नाही. तो पान उभे करण्यात खर्ची पडतो आणि त्याच्या माथ्यावर नवा गड्डा तयार होतो. पान वाऱ्याने लवकर मोडले किंवा भर ऑगस्टमध्ये पिवळे पडले, तर नवा गड्डा जुन्यापेक्षा लहानसुद्धा निघतो. म्हणून फूल हवे असणाऱ्याने सगळी काळजी पानाची घ्यायची.

यंदा गड्डा काढाल तेव्हा वजन करून लिहून ठेवा. दोन किलोंच्या आतल्या गड्ड्याकडून फुलाची अपेक्षा ठेवू नका. तीन-चार किलोंचा, न कापलेला गड्डा बहुधा फुलतो. चांगल्या जमिनीत लावलेल्या गड्ड्याचे वजन एका हंगामात तीन ते पाच पट होते, तेव्हा अर्ध्या किलोपासून सुरुवात केली तरी दोन-तीन पावसाळ्यांत तिथवर जाता येते. खाण्यासाठी वेगळी झाडे ठेवा.

खड्डा ६० सेंमी लांब-रुंद आणि ४५ सेंमी खोल घ्या. वरच्या मातीत दोन ते अडीच किलो कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. गड्डा डोळा वर करून असा ठेवा, की त्याच्या माथ्यावर ५ ते ७ सेंमी माती येईल. मुळे तळातून फुटतात असे समजून बरेच जण गड्डा उघडाच ठेवतात. प्रत्यक्षात सुरणाची मुळे डोळ्याभोवतीच्या वरच्या भागातून निघतात. तिथे माती नसेल तर ती कोंबाबरोबरच वाळतात, पान खुजे राहते आणि खाली दिलेले खत वाया जाते. लावल्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करा. दोन झाडांत ९० सेंमी अंतर हवे.

रासायनिक खत देत असाल, तर व्यापारी लागवडीच्या शिफारशीवरून काढलेली झाडामागची मात्रा साधारण अशी: युरिया १८ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट २५ ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश २० ग्रॅम. सुपर लागवडीच्या वेळी द्या. युरिया आणि पोटॅश अर्धे अर्धे करून, लागवडीपासून दीड महिन्याने आणि अडीच महिन्यांनी, देठापासून वीतभर दूर गोल आळ्यात द्या. पोटॅश टाळू नका, गड्डा पोसतो तो त्यावर. नुसता युरिया दिला की देठ लुसलुशीत होतो आणि पहिल्याच जोराच्या वाऱ्यात लवतो.

पान सुकल्यावर पाणी पूर्ण बंद करा. कोकणातल्या निचऱ्याच्या जांभ्या जमिनीत गड्डा तसाच राहिला तरी चालतो. काढणार असाल तर सावलीत, हवेशीर जागी, वाळूच्या थरावर ठेवा. एप्रिल-मेच्या उष्म्यात किंवा वळवाच्या पहिल्या सरींच्या आगेमागे फुलाचा कोंब येतो. पानाचा कोंब भाल्यासारखा सडपातळ असतो. फुलाचा कोंब बुटका आणि जाड असतो, आणि काही दिवसांत त्याच्या टोकाशी चुणीदार झालर दिसू लागते.

एक महत्त्वाचे: फूल आले की गड्ड्यातला साठा झपाट्याने संपतो आणि तो भुसभुशीत होतो. तो त्या वर्षी खाण्यासाठी काढू नका. फूल जिरल्यावर त्याच गड्ड्यातून बहुधा पान येते. ते येऊ द्या.

गच्चीवरच्या ड्रममधला सुरण फुलण्याच्या बेतात आहे. सोसायटीतले लोक आतापासूनच विचारतात, की वास किती दिवस राहील. आरोग्याला अपाय आहे का? (पुणे)

दिवसांची नव्हे, तासांची गोष्ट आहे. आपण ज्याला सुरणाचे फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा फुलोरा आहे. मधल्या दांड्याच्या तळाशी मादीफुले, त्यांच्यावर पिवळसर नरफुले आणि सगळ्यांत वर तो जांभळट, सुरकुतलेला गोळा. वास येतो त्या गोळ्यातून. झालर उघडते त्या संध्याकाळी मादीफुले तयार असतात, गोळा गरम होतो आणि दुर्गंधी शिगेला पोहोचते. ती काही तास टिकते. दुसऱ्या दिवशी नरफुलांतून पराग सुटतो तोवर वास बराच ओसरलेला असतो.

या वासात मुख्यतः डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही गंधकाची संयुगे असतात. मांस कुजतानाही तीच सुटतात, म्हणून कुजक्यावर जगणारे भुंगे फसून येतात. मोकळ्या हवेत या प्रमाणाने अपाय होत नाही, पण बंद खोलीत मळमळते. ड्रम जिन्यापासून आणि इमारतीच्या डक्टपासून दूर, वारा बाहेर वाहून नेईल अशा कठड्याशी हलवा. उमलण्याआधीच हलवा, कारण उघडलेला फुलोरा वरून जड होतो आणि धक्क्याने कलंडतो.

वास अजिबात चालणार नसेल तर झालर उघडायला लागताच धारदार सुरीने वरचा गोळा, पिवळ्या नरफुलांच्या पट्ट्याच्या वर, आडवा कापा. झाडाला इजा होत नाही आणि झालर तशीच उघडते. कापलेला तुकडा मातीत पुरा. फुलावर प्लास्टिकची पिशवी बांधू नका. आत उष्णता आणि वाफ कोंडून फुलोरा रात्रीत बुरशीने जातो. घरी पाहुणे बोलावून फूल दाखवायचे असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा. रूप तेवढेच असते आणि वास सोसवतो.

टायटन अरमचे बी ऑनलाइन मिळते. गोव्याच्या हवेत ते घरी वाढेल का? (मडगाव)

हवा जवळपास योग्य आहे, बी बहुधा नाही.

टायटन, म्हणजे अमॉर्फोफॅलस टायटॅनम, हा सुरणाचाच अवाढव्य भाऊबंद, सुमात्राच्या पर्जन्यवनातला. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८मध्ये तो तिथे पाहिला आणि बी युरोपला पाठवले. लागवडीतले पहिले फूल १८८९मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात आले. आपल्याकडे वायनाडच्या गुरुकुल वनस्पती अभयारण्यात तो फुलला आहे, म्हणजे पश्चिम घाटाची दमट हवा त्याला मानवते.

आता बियांविषयी. टायटनचे बी ओले, जड आणि अल्पायुषी असते. वाळले की मेले. पाकिटात दहा-दहाच्या पुड्यांत मिळणारे, खडखडीत वाळलेले, चित्रात निळे-गुलाबी फूल दाखवणारे बी टायटनचे नसते, किंवा असले तरी उगवत नाही. पैसे घालवायचे तर नावाची खात्री देणाऱ्या रोपवाटिकेतून पान असलेले रोप किंवा डोळा असलेला छोटा गड्डा घ्या. परदेशातून मागवताना प्लांट क्वारंटाइनच्या २००३च्या आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे फायटोसॅनिटरी, म्हणजे रोप रोग-किडींपासून मुक्त असल्याचे, प्रमाणपत्र लागते. ‘भेटवस्तू’ असे लिहून टपालाने येणारे गड्डे घेऊ नका. त्यांतून सूत्रकृमी आणि विषाणू येतात आणि ते तुमच्या परसातल्या सुरणालाही लागतात.

तापमान २२ ते ३२ अंश, रात्री १८च्या खाली नाही, आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे. मडगावला जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हे आपसूक मिळते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि मार्चनंतरचे कडक ऊन या दोन अडचणी. ५० ते ७० टक्के सावलीची जाळी लावा. पानावर थेट दुपारचे ऊन आले की कडा करपतात, आणि टायटनला एका वेळी एकच पान असल्याने ते नुकसान वर्षभर भरून निघत नाही.

माती सुरणापेक्षा मोकळी हवी: एक भाग पानखत, एक भाग नारळाच्या सोडणाचे जाड तुकडे, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), अर्धा भाग गांडूळखत, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. नुसते कोकोपीट वापरू नका. पावसात ते तळाशी चिखल होऊन बसते आणि गड्डा खालून नासतो, वर पान हिरवेगार असताना. कुंडी गड्ड्याच्या व्यासाच्या किमान तिप्पट रुंद घ्या. सुरुवातीला १२ इंच पुरते, पुढे १०० लिटरचा ड्रम आणि त्याहून मोठा. वाढीच्या काळात माती सतत ओलसर ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी पालाश (पोटॅश) जास्त असलेले विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम द्या.

कुंडी बदलायची ती पान पूर्ण गळून पडल्यावरच. पान असताना गड्डा उकरला तर मांसल मुळे तुटतात, त्या जखमांतून कूज शिरते, आणि बहुतेक घरगुती टायटन याच एका घाईने मरतात. पान पडल्यावर गड्डा काढा, वजन करा, मऊ किंवा तपकिरी भाग निरोगी पांढऱ्या गरापर्यंत खरवडून काढा, गंधकाची भुकटी किंवा बारीक राख लावा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि ताज्या मिश्रणात बसवा. मग कोंब वर येईपर्यंत जेमतेम ओल ठेवा. ही विश्रांती काही महिने चालते. कोंब नाही म्हणून पाणी वाढवण्याचा मोह होतो, तो आवरा.

पहिल्या फुलाला सहसा सात ते दहा वर्षे लागतात, आणि गड्डा साधारण पंधरा-वीस किलोंच्या पुढे जावा लागतो. एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानातला गड्डा १५३.९ किलोंचा भरला होता. मोठ्या झाडाचे पान सहा मीटर उंच होऊ शकते आणि फूल तीन मीटरपर्यंत जाते. तेव्हा बाल्कनी असेल तर हा विचार सोडा. परस असेल तर जरूर लावा. फूल येईपर्यंतच्या वर्षांतही ते पान एखाद्या झाडासारखे उभे राहते आणि त्याच्यासाठी टायटन ठेवणे सार्थ आहे, असे आमचे मत. सुमात्रातली जंगले तुटत असल्याने ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, हेही त्याची नीट निगा राखण्याचे एक कारण.

कुंडीतल्या सुरणाचे पान ऑगस्टमध्ये एकाएकी आडवे झाले. देठाच्या बुडाशी पांढरे धागे आणि बारीक तपकिरी दाणे दिसले. (नाशिक)

ही स्क्लेरोशियम बुरशीची बुडकूज. ते मोहरीएवढे दाणे म्हणजे बुरशीची बीजे समजा. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका, कंपोस्टातही नको. पाणी साचणे, देठाला लागून ठेवलेले कच्चे शेणखत आणि खुरपणीत झालेली जखम ही तिची आवडती वाट.

देठ पूर्ण गेला असेल तर तो काढून टाका आणि गड्डा उकरून पाहा. गर पांढरा वा पिवळसर आणि टणक असेल तर गड्डा वाचला. धुऊन सुकवा आणि पुढच्या हंगामापर्यंत कोरड्या वाळूत ठेवा. ऑगस्टमध्ये पुन्हा लावून दुसरे पान काढायचा प्रयत्न करू नका, गड्ड्यातला उरलासुरला साठाही त्यात जाईल. पुढच्या लागवडीला गड्डा शेणकाल्यात बुडवून काढा. त्या काल्यात गड्ड्याच्या किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळा आणि रात्रभर सावलीत सुकू द्या. कुंडीच्या तळाशी भोके पुरेशी असली तरी ती विटेवर उचलून ठेवा. फरशीला चिकटलेल्या कुंडीची भोके पावसाळ्यात बंदच असतात.

दुसरे एक लक्षण बऱ्याच पत्रांत आहे: पानावर फिके-गडद हिरवे पट्टे आणि चुरडलेली पाती. हा मोझॅक विषाणू. त्यावर औषध नाही. असा गड्डा बेण्याला ठेवू नका आणि मावा दिसला की निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यासह फवारा. ऑक्टोबरनंतर सगळे पान एकसारखे पिवळे होत असेल तर मात्र तो रोग नाही. झाड विश्रांतीला चालले आहे.

शेवळाचे गड्डे कुंडीत लावता येतात का? (मुरबाड)

येतात, आणि वाढत्या मागणीने रानातले शेवळ कमी होत असेल तिथे लावायलाच हवेत. शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, सुरणाचाच रानभाऊ. १० ते १२ इंची कुंडी, निम्मी लाल माती, पाव जाड वाळू, पाव पानखत. गड्डा ८ ते १० सेंमी खोल. नोव्हेंबर ते मे पूर्ण कोरडे. वळवाच्या सरीनंतर जमिनीतून आधी फुलोरा येतो, पान मागाहून. रानातून गड्डे उपटून आणू नका, पिकलेली लाल फळे मिळाली तर त्यांचे बी पेरा. कोंकणेन्सिस या नावाची याच कुळातली जात १९९४मध्ये नोंदली गेली आणि ती कोकण परिसरापुरतीच मर्यादित आहे. दिसली तर फोटो काढा, हात लावू नका.

भाजीसाठी फुलोरा उमलायच्या आत काढतात. आतला दाणेदार पिवळा भाग काढून टाका आणि काकड या आंबट रानफळाचा रस किंवा चिंच घालूनच शिजवा. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, आणि ती सुरणाच्या सगळ्या भाऊबंदांत असते. गड्डे हाताळताना हातमोजे घाला. तो हात डोळ्याला जाऊ देऊ नका.

इथे पाच महिने थंडी असते. सुरणासारखे काही फुलवता येईल का? भारतातून गड्डा आणावा का? (न्यू जर्सी)

आणू नका, विमानतळावर जप्त होईल. सुरणाला तिथला उन्हाळा अपुरा पडतो आणि गड्डा वर्षानुवर्षे लहानच राहतो. तुमच्यासाठी सुरणाचाच भाऊबंद कोंजॅक योग्य. जपानी लोक ज्याच्या पिठापासून कोन्याकू हा जेलीसारखा पदार्थ करतात तोच हा गड्डा, आणि तो अमेरिकेतल्या रोपवाटिकांत सहज मिळतो.

मेच्या उत्तरार्धात, रात्री १२ अंशांच्या वर राहू लागल्या की १४ इंची कुंडीत १० सेंमी खोल लावा. अर्धवट ऊन, भरपूर पाणी, तीन आठवड्यांनी एकदा खत. ऑक्टोबरात पहिल्या दहिवराआधी कुंडी आत घ्या आणि पान आपोआप पडू द्या, हिरवे असताना कापू नका. गड्डा काढून आठवडा-दोन आठवडे सुकवा आणि बेसमेंटमध्ये कागदी पिशवीत १० ते १५ अंशांवर ठेवा. हीटरजवळ ठेवला तर तो अकाली जागा होतो.

गड्डा मोसंब्याहून मोठा झाला की एखाद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये माती-पाण्याशिवाय, पिशवीतच फुलाचा कोंब येईल. तेव्हा जड कुंडीत उभा ठेवा, कारण फुलोरा मीटरभर किंवा त्याहून उंच जातो आणि तोल जातो. थंडीत खिडक्या बंद असतात, म्हणून उमलायच्या दिवशी गॅरेजमध्ये हलवा. फूल गेल्यावर मेपर्यंत कोरडा ठेवून पुन्हा लावा. कोंजॅक बाजूला पिल्ले सोडतो. ती वेगळी वाढवली तर चार-पाच वर्षांत दरवर्षी एक तरी फूल पाहायला मिळेल.

सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत जागा दोन फूट. मोठे आणि घाण वासाचे फूल, पण लहान झाडावर, असे काही आहे का? (डोंबिवली)

स्टेपेलिया जायगॅन्टिया लावा. आफ्रिकेतली ही निवडुंगासारखी दिसणारी, पण निवडुंग नसलेली मांसल वनस्पती. फांद्या वीतभर उंच, फूल २५ सेंमी किंवा त्याहून रुंद, पाच टोकांचे, पिवळसर, लाल आडव्या रेघांचे, लव असलेले. फूल दोन-तीन दिवस टिकते आणि माशांचे थवे येतात. त्या फुलाच्या मध्यावर अंडी घालतात. अळ्यांना खायला काही नसल्याने त्या मरतात, घरात पसरत नाहीत.

उथळ, ८ इंची मातीची कुंडी. मिश्रणात निम्मी जाड वाळू किंवा परलाइट, उरलेल्यात माती आणि थोडे गांडूळखत. छाट आठवडाभर सुकवून मगच लावा, ओली छाट लावली की बुडातून सडते. डोंबिवलीत खरा शत्रू जून ते सप्टेंबरचा पाऊस. कुंडी छपराखाली, चार तास तरी ऊन मिळेल अशी. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळल्यावर पाणी द्या, पावसाळ्यात दोन आठवड्यांतून एकदा पुरते. फुले नव्या फांद्यांवर येतात, म्हणून जुनी, बुडात लाकडासारखी झालेली जुडी दर दोन-तीन वर्षांनी मोडून तरुण फांद्या पुन्हा लावा. ऐन वाढीत झाड खुरटले तर कुंडीतून काढून मुळे पाहा, पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण मुळांत लपतो. मुळे धुऊन, निंबोळी तेलाच्या पाण्यात बुडवून, सुकवून नव्या मिश्रणात लावा.

रॅफ्लेशिया घरी लावता येईल का? (अमरावती)

नाही. जगातले सर्वांत मोठे एकेरी फूल देणाऱ्या या वनस्पतीला स्वतःचे पान, खोड, मूळ नसते. टेट्रास्टिग्मा या द्राक्षकुळातल्या वेलीच्या आत तो परजीवी म्हणून राहतो आणि फक्त फूल बाहेर येते. बी किंवा रोप विकणारा कुणीही फसवतो आहे.

मोठ्या फुलाची बदकवेल आणली आहे. फुलपाखरांसाठीही ती चांगली, असे ऐकले. (कोल्हापूर)

फुलासाठी ठेवा, फुलपाखरांसाठी नको. अॅरिस्टोलोकिया ग्रँडिफ्लोराचे फूल वीतभर रुंद असते, खाली लांब शेपूट लोंबते आणि पहिल्या दिवशी सडका वास येतो. वेलीला मजबूत मांडव, सकाळचे ऊन, दर पंधरवड्याला शेणपाणी आणि हिवाळ्याअखेर गुडघ्याएवढी छाटणी पुरते.

पण अडचण अशी: या कुळाच्या वेलींवर अंडी घालणारी फुलपाखरे परदेशी जातींवरही अंडी घालतात, आणि त्या पानांवर अळ्या जगतीलच असे नाही. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या अळ्या शोभेच्या अॅरिस्टोलोकिया एलिगन्सवर मरतात, हे पक्के माहीत आहे. आपल्याकडच्या क्रिमझन रोज फुलपाखरासाठी याच कुळातली देशी सापसंद लावा. शिवाय या सगळ्या वेलींत अॅरिस्टोलोकिक आम्ल असते, ते मूत्रपिंडे निकामी करते. घरगुती औषध म्हणून कुठलाही भाग पोटात घेऊ नका.

दोन सुरण एकाच आठवड्यात फुलतील असे दिसते. बी धरता येईल का? (सावंतवाडी)

येईल, दोन्हींत एक-दोन दिवसांचे अंतर असेल तर. एकाच फुलोऱ्यात मादीफुले आधी आणि पराग नंतर, त्यामुळे स्वतःच्या परागाने बी धरत नाही. आधी उमललेल्याचा पराग दुसऱ्याच्या पहिल्या संध्याकाळी लागला पाहिजे.

पहिला उमलला की दुसऱ्या दिवशी नरफुलांच्या पट्ट्यातून पिवळसर पराग सुटतो. झालरीत कागद धरून मऊ ब्रशने तो गोळा करा. दुसरे फूल लगेच तयार नसेल तर कागदी पुडीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. ओलसर पराग प्लास्टिकमध्ये ठेवला की सकाळपर्यंत बुरशी धरतो. दुसरे फूल संध्याकाळी वास मारू लागले की झालरीच्या बुडाशी ब्लेडने दोन बोटे रुंद खिडकी कापा आणि आतल्या मादीफुलांच्या टोकांना ब्रशने पराग सगळीकडून लावा. एका फुलाआड एक सुटले तर कणीस अर्धवट भरते. खिडकी उघडीच राहू द्या, पाणी साचणार नाही. त्या रात्री पाऊस आला तर वर छत्री धरा, ओला पराग फुटून निकामी होतो.

फलन झाले असेल तर वरचा गोळा वाळून पडेल आणि खालचे कणीस ताठ, हिरवे राहील. दांडा उंच होत जातो आणि काही महिन्यांत फळे पिवळी होऊन लाल होतात. बुलबुल ती लगेच नेतात, म्हणून रंग पालटू लागताच जाळीची पिशवी बांधा. हातमोजे घालून गर काढा, बी धुवा आणि वाळू न देता लगेच, एक भाग वाळू आणि एक भाग पानखताच्या मिश्रणात १ सेंमी खोल पेरा. त्या हंगामात गड्ड्याने सगळे फळांत ओतलेले असते. पुढच्या पावसाळ्यात त्याला अडीच किलो शेणखत जास्त द्या आणि फूल येईल अशी आशा न धरता पान पोसा.